आपलंच जुनं युजरनेम शोधायची टूल्स: शेरलॉक, व्हॉट्समायनेम, मेग्रे वगैरे (वापरून मग लिहितोय)

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच कटू शकतात. आपलं जुनं युजरनेम नेटवर कुठे कुठे पडून आहे हे बघायचं असेल तर व्हॉट्समायनेम वापरा, कमांड लाइनची (म्हणजे काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची) भीती नसेल तर जोडीला शेरलॉक घ्या, आणि या दोघांच्याही आधी स्वतःचा जुना मेलबॉक्स उघडा, ज्याला कोणी टूल म्हणत नाही पण माझ्या बाबतीत खरं काम त्यानेच केलं. पैसे मागणाऱ्या साइट्सना झिरो. आता सविस्तर.

माझं युजरनेम तर्रीबाज. नागपूरचा माणूस, त्यामुळे नाव कुठून आलं हे वेगळं सांगायला नको. सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने बसायचो त्या काळातलं, याहू मेसेंजरसाठी घेतलेलं, आणि मग जिथे जाईन तिथे तेच टाकत गेलो कारण तेव्हा सगळे तसंच करायचे, रेडिफबोल, ऑर्कुट, चेसची साइट, मोबाइलच्या रॉम बदलायच्या साइट्स, क्रिकेटवर भांडायच्या जागा, आणि मराठी साइट्सवर तर आयडी हीच ओळख, तिथे कोणाला खरं नाव विचारणं म्हणजे आगाऊपणा. आता पुण्यात नोकरी, खऱ्या नावाने लिंक्डइन, फोटोत शर्टाची कॉलर इस्त्रीची, सगळं सभ्य. तर भाचा आलेला, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, त्याला कसलं तरी सायबर सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल होतं, म्हणे "मामा, तुझं ते जुनं नाव दे ना, बघू किती कचरा निघतो." दिलं. त्याचं प्रॅक्टिकल उरकलं, तो पोहे खाऊन गेला, आणि मी बसलो शोधत.

गूगलपासून सुरू करा, सगळे तिथूनच करतात आणि ते बरोबरच आहे, फक्त नीट करा. नाव दुहेरी अवतरण चिन्हात टाका, नाहीतर सर्च इंजिन त्याला वाटेल तसा अर्थ लावणार आणि माझ्यासारख्याला पोह्याच्या रेसिप्या वाचत बसायला लागणार. मग मायनस चिन्ह लावून नको ते शब्द काढा, मी मायनस पोहे, मायनस मिसळ असं करत करत खाली आलो. एखाद्या ठरावीक साइटवरच बघायचं असेल तर साइट आणि कोलन लावून तिचा पत्ता. इन्कॉग्निटोमध्ये करा, म्हणजे तुमच्या अकाउंटला काय आवडतं याचा परिणाम कमी होतो. पूर्वी रिझल्टच्या बाजूला कॅशची लिंक असायची, मूळ पान उडालं असलं तरी गूगलने जपलेली कॉपी दिसायची, ती सोय २०२४ मध्ये गूगलने काढून टाकली, माझ्या मते हा त्यांचा अलीकडचा सगळ्यात वाईट निर्णय, पण आपल्याला कोण विचारतंय. आणि बिंगवरही एकदा बघा, हसू नका, जुनी पानं तिथे वेगळी निघतात. डकडकगोचे रिझल्ट बरेचसे बिंगवरूनच येतात त्यामुळे दोन्हीकडे परत परत बघायची गरज नाही.

आता आपला खास प्रॉब्लेम. मराठी नाव रोमनमध्ये लिहिताना कोणाचंच एक स्पेलिंग ठरलेलं नसतं. तर्रीबाजमध्ये आर एक की दोन, मग आय की डबल ई, मग ए एक की दोन, शेवटी झेड की जे, चार जागी दोन दोन पर्याय म्हणजे १६ स्पेलिंगं झाली आणि यात अजून मागे आकडे लावलेले धरलेच नाहीत. कारण हवं ते नाव कोणीतरी आधीच घेतलेलं असायचं, मग मागे जन्मसाल नाहीतर बाइकचा नंबर. त्यात प्रत्येक साइटची अक्षरांची मर्यादा वेगळी, ट्विटरवर १५ च, त्यामुळे मागे नागपूरकर लावलेलं माझं लांब नाव तिथे बसलंच नाही, रेडिटवर २० चालतात, इन्स्टावर ३०, म्हणजे तुम्हाला वाटतं मी सगळीकडे एकच नाव वापरलं आणि प्रत्यक्षात तुमची चार-पाच नावं फिरत असतात. कागदावर सगळी लिहून काढा आधी. खरंच काढा, नंतर डोकं चालत नाही.

आणि देवनागरी. इंग्रजी टूलवाल्यांना ही भानगड माहीतच नसणार. मराठी साइट्सवर आयडी देवनागरीत घेता येतो, तर तो अवतरणात टाकून शोधला की जिथे जिथे मी स्वतः लिहिलंय ती पानं येतात. पण लोक माझ्याबद्दल लिहितात तेव्हा थोडंच नुसतं तर्रीबाज लिहितात, ते लिहितात तर्रीबाजने, तर्रीबाजच्या, तर्रीबाजराव, तर्रीबाजांना (हे टोमणा मारताना). अवतरणातला शोध अक्षरशः तेवढाच शब्द बघतो, पुढे प्रत्यय चिकटला की तो वेगळा शब्द. म्हणून प्रत्यय लावून लावून शोधा. मी 'तर्रीबाजच्या' टाकलं आणि खजिना उघडला, "तर्रीबाजच्या मताला किती किंमत द्यायची हे ज्याचं त्याने ठरवावं" असं कोणीतरी सचिन-लाराच्या भांडणात लिहून ठेवलेलं, बाप्पा, इतक्या वर्षांनी वाचूनही कान गरम झाले. स्वतः काय लिहिलं होतं ते मला आठवत होतं. लोकांनी मागे काय लिहिलं ते पहिल्यांदाच कळलं.

बरं, आता मेन आयटम, शेरलॉक. हे पायथनमध्ये लिहिलेलं ओपन सोर्स टूल आहे, गिटहबवर (कोड ठेवायची साइट) फुकट मिळतं, पिपएक्स या पायथनच्या इन्स्टॉलरने एका ओळीत इन्स्टॉल होतं, मग टर्मिनलमध्ये शेरलॉक लिहून पुढे नाव टाकायचं की ते ४०० च्या वर साइट्सवर जाऊन विचारतं आणि सापडलेल्या लिंक्स हिरव्या रंगात एकेक पडत जातात. बघायला जाम मजा येते हे मान्य, पिक्चरमधल्या हॅकरसारखं वाटतं. शेवटी त्या नावाची एक टेक्स्ट फाइल बनवता येते. एक्सेलप्रेमी असाल तर सीएसव्ही पण काढता येते. नावाच्या मध्ये महिरपी कंसात प्रश्नचिन्ह टाकलं तर त्या जागी अंडरस्कोर, डॅश आणि टिंब असं तिन्ही लावून बघतं, ही सोय मला फार आवडली कारण जुन्या काळात नाव मिळालं नाही की पहिला उपाय अंडरस्कोरच असायचा.

पण आत काय चालतं ते समजून घ्या, नाहीतर उगाच घाबराल. शेरलॉक काही शोधत वगैरे नाही. घरोघर बेल वाजवून "तर्रीबाज इथेच राहतात का" विचारणाऱ्या कुरिअरवाल्यासारखं आहे ते. प्रत्येक साइटच्या प्रोफाइलच्या पत्त्याचा साचा त्याच्याकडे आहे, त्यात तुमचं नाव भरतं आणि ते पान मागतं. साइटने ४०४ हा कोड दिला म्हणजे नाही, २०० दिला म्हणजे आहे. काही साइट्स माणूस नसला तरी २०० च देतात आणि पानावर लिहितात की असा युजर नाही, तिथे ते वाक्य शोधायचं. काही साइट्स सरळ होमपेजवर ढकलतात, तिथे आपण कुठे जाऊन पोचलो ते बघायचं. बस, या तीनच युक्त्या. शिवाय प्रत्येक साइटवर कसलं नाव चालतं याचे नियम त्याच्या फाइलमध्ये आहेत, म्हणजे १५ अक्षरांच्या साइटला २० अक्षरी नाव विचारत बसत नाही.

आता यात गडबड कुठे होते ते तुम्हीच ओळखा. साइटने डिझाइन बदललं, "युजर सापडला नाही" या वाक्यात एक शब्द बदलला, की शेरलॉकला वाटतं माणूस आहे. मध्ये बॉट अडवणारी भिंत आली, कॅप्चा आला, तरी तेच, कधी आहे म्हणणार कधी नाही म्हणणार. या खोट्या हिरव्या ओळींच्या तक्रारी त्यांच्या गिटहबवर सतत चालू असतात, लोक दुरुस्त्या पाठवतात, मग दुसरी साइट बदलते. असल्या टूलचं हे असंच राहणार, यात लिहिणाऱ्यांचा दोष नाही, फुकट काम करतात बिचारे.

यावर माझा उपाय सोपा आहे आणि तो सगळ्यांनी करावा. आपलं नाव टाकायच्या आधी कीबोर्डवर डोळे मिटून बोटं फिरवा आणि जो काही कचरा टाइप होईल ते नाव शोधा, असं नाव पृथ्वीवर कोणाचं नसणार. ज्या साइट्स त्यालाही "आहे" म्हणतील त्या खोटं बोलतायत. ती यादी बाजूला ठेवा, मग आपलं नाव शोधा, आणि ती यादी वजा करा. ही वजाबाकी न करता लोक स्क्रीनशॉट टाकतात की बघा माझं अकाउंट कुठल्या कुठल्या देशात निघालं.

शेरलॉक मोठ्यांच्या साइट्स आपणहून बघत नाही, त्यासाठी वेगळा फ्लॅग (कमांडला जोडायचा जादा शब्द) लावावा लागतो, आणि हे त्यांनी फार समजूतदारपणे केलंय. कुतूहल म्हणून लावणार असाल तर एकटे असताना लावा. खोटी हिरवी ओळ नेमकी तिथे पडली की "अगं ते फॉल्स पॉझिटिव्ह असतं" हे बायकोला समजावून सांगणं हे कुठल्याही प्रॅक्टिकलपेक्षा अवघड. आमच्याकडे "हो का, आणि ते चेसवालं मात्र खरं का" असा प्रश्न आलेला आहे.

व्हॉट्समायनेम मला जास्त आवडलं. मायका हॉफमन नावाच्या अमेरिकन माणसाने सुरू केलेलं, नेटवर सगळ्यांना खुल्या असलेल्या डेटातून माहिती काढणाऱ्या मंडळींत एकदम माहितीतलं नाव. ब्राउझरमध्ये उघडायचं, नाव टाकायचं, झालं, इन्स्टॉल काही नाही. साइट्स प्रकारानुसार गाळता येतात, गेमिंग, सोशल, शॉपिंग असं. आणि मुख्य म्हणजे यांच्या डेटा फाइलमध्ये प्रत्येक साइटसाठी दोन्ही बाजू लिहिलेल्या असतात, माणूस असेल तर पानावर काय दिसतं आणि नसेल तर काय दिसतं, तर दोन्ही ताडून बघितल्यावरच ते हो म्हणतं, त्यामुळे या पद्धतीत फुकाची हिरवळ कमी. साध्या भाषेत सांगायचं तर एवढंच, माझी आई पण वापरू शकेल. तिचं युजरनेम नाहीये ही गोष्ट वेगळी.

मेग्रे हे शेरलॉकमधूनच फुटून निघालेलं भावंड, याच्याकडे ३००० च्या वर साइट्स आहेत, आपणहून त्यातल्या गाजलेल्या ५०० बघतं. याचा खास गुण म्हणजे सापडलेल्या प्रोफाइलच्या आतली माहिती पण उचलतं, तिथे दुसरं नाव दिसलं तर तेही शोधायला जातं, आणि छान रिपोर्ट बनवून देतं, एचटीएमएल, पीडीएफ काय हवं ते. स्वतःसाठी हे जरा जास्तच होतं. मेग्रेचा रिपोर्ट बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हे कोणी दुसऱ्याने माझ्यावर चालवलं तर. तोपर्यंत सगळा खेळच होता.

आणि हे नुसतं वाटणं नाही बरं का. सिल्क रोड नावाचा ड्रग्जचा ऑनलाइन बाजार होता, अमेरिकेच्या एफबीआयपासून सगळे मागे लागलेले, सगळं टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवर, बिटकॉइनमध्ये, कोणाचा पत्ता लागेना. शेवटी गॅरी अल्फर्ड नावाचा त्यांच्या इन्कम टॅक्स खात्याचा तपास अधिकारी, त्याने काय केलं, गूगलवर जुन्यात जुना उल्लेख शोधत गेला. जानेवारी २०११ मध्ये 'अल्टॉइड' नावाच्या युजरने दोन ठिकाणी या बाजाराची जाहिरातवजा पोस्ट टाकलेली. मग हाच अल्टॉइड अजून कुठे दिसतो हे बघितलं तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने कामाला माणूस हवा म्हणून पोस्ट टाकलेली आणि संपर्कासाठी स्वतःच्या खऱ्या नावाचा जीमेल दिलेला. रॉस उल्ब्रिक्ट. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पब्लिक लायब्ररीत धरला, जन्मठेप झाली, २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पने माफी दिली ती गोष्ट वेगळी. पण धागा मिळाला तो एका युजरनेमवरून, आणि हत्यार कुठलं तर साधं गूगल. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांचा २०११ चाच एक पेपर आहे, त्यांनी दाखवलं होतं की लोक इतकी वेगळी वेगळी नावं निवडतात की नुसत्या युजरनेमवरून दोन साइट्सवरची प्रोफाइलं एकाच माणसाची आहेत हे बऱ्याचदा जुळवता येतं. म्हणजे राहुल१२३ सुखी, तर्रीबाज गोत्यात. आपण मोठ्या हौसेने हटके नाव शोधायचो ना, ते हेच.

टूल्सना काय सापडत नाही हे पण लिहिलं पाहिजे, कारण कोणी लिहित नाही. जिथे प्रोफाइलच्या पत्त्यात नावाऐवजी नंबर असतो तिथे ही टूल्स बहुतेक वेळा आंधळी. आपल्या मायबोली आणि मिसळपावच घ्या, तिथे प्रोफाइलच्या लिंकमध्ये युजर आणि पुढे आकडा, नाव नाहीच. मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून, मराठी माणसाचा नेटवरचा अर्धा जन्म तिथे गेलाय, लेख, रेसिप्या, कविता, भांडणं, डुआयडी (एकाच माणसाचा दुसरा आयडी) घेऊन केलेली भांडणं, यातलं एक अक्षर शेरलॉकला दिसणार नाही. स्टॅक ओव्हरफ्लोचं पण तसंच, नंबर. फेसबुकवर लॉगिनची भिंत. म्हणजे टूलने १२ लिंक्स दिल्या म्हणून तुम्ही १२ च ठिकाणी आहात असं समजू नका. मराठी साइट्ससाठी परत गूगलच, देवनागरीत, प्रत्यय लावून.

आणि मेलेल्या साइट्स. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तिथे पण प्रोफाइल नंबरवर चालायचं. जिओसिटीज २००९ ला गेलं. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. आमच्या कॉलेजच्या बॅचचा याहू ग्रुप होता, त्यात मी तर्रीबाज नावाने लिहिलेली हॉस्टेलच्या मेसची वर्णनं होती, ती आता कुठेच नाहीत, आणि खरं सांगू का, शोधताना मला भीती होती की हे सापडेल आणि तेच तेवढं सापडलं नाही म्हणून वाईट वाटलं. लिंक्डइनवरच्या माणसाला आनंद झाला, तर्रीबाजला नाही.

वेबॅक मशीनवर आशा होती. सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबची पानं जपतेय आणि २००१ पासून वेबॅक सगळ्यांना खुलं आहे, काम डोंगराएवढं, पण तिथे युजरनेम टाकून जपलेल्या पानांच्या आतला मजकूर शोधता येत नाही, पानाचा पत्ता माहीत पाहिजे. पत्ता आठवत असेल तर वर्षानुसार बघता येतं. माझं एक जुनं होमपेज मिळालं, काळ्या बॅकग्राउंडवर पिवळी अक्षरं आणि सरकणारी पट्टी, फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. भाच्याला लिंक पाठवली, त्याने फक्त एक हसणारा चेहरा पाठवला.

आता मेलबॉक्स. जुना मेल अजून उघडत असेल तर तुम्ही नशीबवान. सर्चमध्ये 'वेलकम', 'व्हेरिफाय', 'अ‍ॅक्टिव्हेट', 'पासवर्ड रिसेट' असं एकेक टाका, जीमेल असेल तर बिफोर आणि कोलन लावून तारीख द्या, २०१२ च्या आधीचं बघा. ज्या साइट्सची नावंसुद्धा मी विसरलो होतो त्यांचे स्वागताचे मेल तिथे रांगेत बसलेले, काहींनी तर मेलमध्ये पासवर्ड पण लिहून पाठवलेला, तेव्हा चालायचं. यातून जी यादी निघते ती कुठल्याही टूलपेक्षा खरी कारण त्या ठिकाणी तुम्हीच गेला होतात, तुमच्या नावाचा दुसरा कोणी नाही. क्रोममध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी पण उघडा, ती पण चालता-फिरता इतिहास आहे. आणि गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये 'गूगलने साइन इन' केलेल्या अ‍ॅप्सची यादी असते, तिथे माझा एक कुंडली बघायचा अ‍ॅप निघाला जो मी टाकल्याचं मला मान्य नाही.

ईमेल हातात आहेच तर हॅव आय बीन पोन्ड वर पण टाका, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने डिसेंबर २०१३ मध्ये चालू केलेली साइट, फुकट आहे, तुमचा ईमेल कुठल्या डेटा गळतीत सापडलाय ते सांगते. यात आपल्या ओळखीची नावं पण आहेत, झोमॅटोची २०१७ ची गळती, १.७ कोटी युजर्सची, कंपनीने स्वतः जाहीर केलेली, मग २०२० ची बिगबास्केटची. गळती झालेल्या यादीत युजरनेम आणि ईमेल शेजारी शेजारी असले की दोन वेगळी आयुष्यं जोडली जातात, हा त्यातला खरा त्रास. गिटहबवाल्यांनी अजून एक बघा, कमिट केलं (म्हणजे कोडमधला बदल नोंदवला) की त्यात तुमचा ईमेल जातो, लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे पण जुन्या कमिटमधला तसाच राहतो. मी कॉलेजच्या वेळचं एक कॅलेंडर टाकलेलं होतं, पंचांगाचं, त्यात तर्रीबाज आणि माझा खरा ईमेल दोघे गळ्यात गळा घालून.

एक मजा राहिली. दुसरा एक तर्रीबाज आहे. एका शॉपिंग साइटवर मिक्सर, इस्त्री आणि जिमच्या पावडरीचे रिव्ह्यू लिहितो, सगळ्यांना पाच स्टार, "मस्त प्रॉडक्ट भाऊ" एवढंच लिहितो. टूल्सना तो आणि मी यात फरक कळत नाही, त्यांना फक्त नाव कळतं. बायकोने ती लिंक उघडून विचारलं, "अरे, तू जिमची पावडर कधी घेतलीस?" हसत विचारलं त्यात सगळं आलं. म्हणून टूलचा निकाल कोणाबद्दल पुरावा म्हणून वापरू नका, मुलीच्या स्थळाचं युजरनेम टाकून बघणारे काका मला माहीत आहेत, त्यांना खास सांगतोय.

सापडलेलं उडवायचं कसं. जस्ट डिलीट मी नावाची एक साइट आहे, त्यात प्रत्येक सर्विसचं अकाउंट बंद करायच्या पानाची थेट लिंक असते आणि रंग दिलेले असतात, हिरवं म्हणजे सोपं, काळं म्हणजे अशक्य. फार उपयोगी. युरोपातल्यांना २०१४ च्या कोर्टाच्या निकालामुळे नावाच्या शोधातून लिंक काढून टाका असं गूगलला सांगता येतं, आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय, त्यात माहिती खोडून टाकायला सांगायचा हक्क लिहिलेला आहे. माझ्या एका जुन्या अकाउंटसाठी मी एका साइटला मेल केला (नाव नाही घेत), त्यांनी रजिस्टर केलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला, तो नंबर सायबर कॅफेच्या काळातला, तो आता कोणाकडे आहे देव जाणे. त्या माणसाला ओटीपी गेला असेल आणि त्याने फ्रॉड म्हणून डिलीट केला असेल. अकाउंट आहे तिथेच आहे. शेवटी मी आत जाता येतं तिथे नाव, फोटो, गाव सगळं बदललं आणि मग बंद केलं, म्हणजे कॉपी राहिलीच तर निरर्थक राहील. चेसवालं ठेवलं, ते माझं आहे, हरलेले गेम पण.

पैशावाल्या साइट्सबद्दल शेवटी. नाव टाकलं की एक पट्टी सरकत राहते, "गुप्त रेकॉर्ड तपासत आहोत", "फोटो सापडले", "डेटिंग प्रोफाइल तपासत आहोत", पाच मिनिटं नुसता सस्पेन्स, मग कार्ड नंबर मागतात. मी कीबोर्डवर बोटं फिरवलेलं तेच बोगस नाव टाकलं, त्याचेही "गुप्त रेकॉर्ड" आणि "फोटो" सापडले. या धंद्यातल्या बऱ्याच साइट्स अमेरिकेतल्या सरकारी नोंदींवर चालतात, नागपूरच्या तर्रीबाजचं त्यांच्याकडे काय असणार. कार्ड देऊ नका, एक रुपयाच्या ट्रायलला तर अजिबातच नाही, ते दर महिन्याचं सबस्क्रिप्शन असतं.

हे सगळं लॅपटॉपवर करा. मोबाइलवर ४०-५० टॅब उघडले की फोन तापतो, आणि व्हॉट्समायनेमच्या यादीतली लिंक अंगठ्याने चुकून दाबली जाते, ज्या साइटला आपण तिथे आहोत हे माहीत नव्हतं तिथे आपलीच ताजी व्हिजिट पडते.